दोन्ही हात

मांजरीच्या आखाड्यात शकूची अंतिम कुस्ती रंगात आली आणि समोरच्या सरूच्या जर्सीवर दोन ओले डाग उमटले. पाच महिन्यांचं लेकरू सरूनं बरोबर आणलेलं, पण सकाळपासून तीन कुस्त्या, पाजायला सवड कुठली? "अगं, दूध उतू चाललंय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. आखाडा खदखदून हसला. सरूनं चटकन छातीवर हात घेतला. मध्यंतरात शकूचे वस्ताद तिच्या कानाशी लागले, "तिचा हात पुन्हा वर गेला, की पट काढ." शकूला कसंतरीच झालं. पण हात वर गेला आणि तिनं सरूचा पाय उचलला. चितपट! पदक घालूनच ती कपडे बदलायच्या खोलीत शिरली. सरू भुकेल्या लेकराला थोपटत होती. "पट छान काढलास गं. याला जरा धर, जर्सी काढायला दोन्ही हात लागतात." लेकरू पदकच चोखू लागलं. शकूची मान वर होईना.