चार दिवसांनी मोठा

फॉर्मवर मुलाचं नाव अबुबकर होतं आणि वडिलांचं चांदपाशा शेख. क्लबच्या मॅनेजरने ते वाचलं आणि कागद टेबलावर उलटा ठेवला. चांदपाशा हे त्याचं स्वतःचं नाव होतं. अम्मी गेल्यापासून त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती.

तीर्थपुरीच्या शाळेच्या मैदानावर सकाळपासून तेरा वर्षांखालच्या मुलांची निवड चालू होती. कोलकात्यात आणि गोव्यात चौदा हंगाम फुटबॉल खेळलेला आमिर शेख आता पुण्याच्या क्लबचा मॅनेजर झालाय आणि स्वतः येतोय, एवढ्यावर दीडशे मुलं जमली होती. कागद तपासायला शाळेचे क्रीडाशिक्षक भारत सर बसले होते. त्यांच्यासमोर एक उंच मुलगा उभा होता. त्याचा वरचा ओठ वस्तऱ्याने नुकताच सोललेला दिसत होता.

"हा तेराच्या आतला?" भारत सर त्याच्या बापाला म्हणाले. "अप्पाराव, याला इथं कशाला आणलं? मतदानाला न्या की."

"दाखल्यावर बघा ना, सर. बराबर बाराच हाय."

"दाखला बाराचा हाय, मिशी सतराची. मी कोणाचं ऐकू?"

रांगेतले बाप हसले. मॅनेजरही हसला. हात मात्र त्याने उलट्या ठेवलेल्या कागदावरून उचलला नाही.

रांगेच्या शेवटी त्याचा धाकटा भाऊ उभा होता. वडीगोद्रीला हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. धुतलेल्या हातांच्या नखांत काळं तसंच राहिलं होतं. तो इतर बापांसारखा आला होता आणि इतरांसारखाच थांबला होता. मैदानावर काकाला बडे अब्बा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, हेही त्याने अबुबकरला घरूनच सांगून आणलं होतं.

खरा आमिर तो होता.

एकोणीस वर्षांपूर्वी सोळा वर्षांखालच्या निवडीला अठरा वर्षांचा चांदपाशा धाकट्याचा दाखला घेऊन गेला होता. एका स्पर्धेपुरता. निवड झाली. नाव संघाच्या यादीत लागलं, मग करारावर, मग पासपोर्टवर. पुढच्या वर्षी धाकटा निवडीला गेला तेव्हा नोंदणीच्या बाबूने वही उघडून दाखवली: या नावाचा, या तारखेचा, याच बापाचा खेळाडू आधीच नोंदलेला आहे. धाकटा डाव्या पायाने खेळायचा, आणि मोठ्यापेक्षा चांगला खेळायचा. पुढे आधार कार्ड काढायची वेळ आली तेव्हा घरात एकच नाव मोकळं होतं. ते त्याने घेतलं.

मैदानावर अबुबकरने चेंडू दोघांच्या मधून काढला आणि डाव्या पायाने गोलकीपरच्या हातापासून वीतभर लांब मारला.

"बघितलं का, सर?" भारत सर म्हणाले. "सकाळपासून असं पोरगं आलं न्हाई. पण एक जानेवारीनंतरचा जन्म पाह्यजे, अन् हा अठ्ठावीस डिसेंबरचा. चार दिवसांनी मोठा. म्हणून तर फॉर्म तुमच्याकडं दिला."

मॅनेजर उठून पाण्याच्या टाकीमागे गेला. थोड्या वेळाने धाकटा हात धुवायला आल्यासारखा तिथे आला. दोघं घरच्या बोलीत, हळू आवाजात बोलले.

"चार दिन की बात है," मॅनेजर म्हणाला. "शाम तक नया दाखला बना के ला. इधर का मैं देखता."

"नक्को भाई."

"तेरे बच्चे के वास्ते बोल रा मैं."

"नै. तुम्हारे वास्ते बोल रे तुम."

टाकीची तोटी ठिबकत होती. धाकट्याने ती नीट बंद केली.

"अगले साल पंद्रह के अंदर की निवड आती," तो म्हणाला. "तब लेके आता मैं उसको. घर में एक बार तारीख बदले, बस हुआ."

तो रांगेकडे गेला. मॅनेजर टेबलाशी परत आला आणि त्याने कागद सुलट केला. चांदपाशा शेख या नावाखालच्या रकान्यात त्याने 'अपात्र' लिहिलं. खाली सही करायची होती. पोरांच्या टी-शर्टवर तो ही सही चालता चालता करत असे. आज त्याने ती एकेक अक्षर काढून केली: आमिर शेख.

दुपारी भारत सरांनी अपात्र मुलांच्या पालकांना बोलवायला सुरुवात केली. कागद परत नेल्याची सही हवी होती. अप्पाराव कुरकुरत आले. "मिशी काढायला खर्चा झाला ना, सर," म्हणाले, सही करून गेले. भारत सरांनी पुढचा कागद उचलला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"चांदपाशा शेख!"

"हो," म्हणत मॅनेजर खुर्चीवरून उठला.

भारत सर पेन पुढे धरून त्याच्याकडे बघत राहिले. धाकटा टेबलाच्या पलीकडे आधीच येऊन उभा होता. त्याने भारत सरांच्या हातातून पेन घेतलं.

"बसा, भाई," तो म्हणाला. "मला बोलावलंय."