उदबत्तीचा धूर

"कारखान्यातून क्लोरीन सुटलाय, घराबाहेर पडू नका, दारंखिडक्या लावून फटी बुजवा," असं ओरडत भोंग्याची रिक्षा पुढे गेली. मालननं दाराखाली ओली चादर कोंबली, खिडक्यांच्या कडांना मळलेली कणीक थापली आणि कुठं काही राहिलंय का ते बघायला उदबत्ती पेटवली. धूर सरळ वर गेला की समजायचं, तिथं फट नाही.

सगळीकडे सरळ गेला. कॅलेंडरपाशी मात्र मागे वाकला. भिंतीतून वारा? तिनं कॅलेंडर उचललं. वाटणीच्या वेळी घरामधे घातलेल्या त्या भिंतीला बोटभर भोक होतं आणि पलीकडे मोठ्या जाऊबाईंचं स्वयंपाकघर.

वाटणीपासून दोघींचं बोलणं बंद होतं. तरी मालन तापानं फणफणली, की तिच्या दारात मऊ भाताचा डबा हजर! जाऊबाईंना कळतं कसं, हे तिला भारी कोडं होतं. ते सुटलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"कान लावून बसता होय!" ती भोकातून ओरडली.

पलीकडून आधी खोकला आला, मग आवाज. "भांडण उद्या कर. आधी कणीक लाव. माझ्या खिडकीची काच फुटलीय, इकडचं सगळं तुझ्या घरात येईल."

मालननं कणकेचा गोळा उचलला, पण थापण्याआधी भोकाला तोंड लावलं. "ओला पदर नाकाला धरा आणि इकडे या. चादर काढतेय मी. उद्यापर्यंत कोण थांबतंय भांडायला!"