एकच खुर्ची

खुर्ची दारात अडकली. मेहबूब न्हावी बाहेरून ढकलत होता, शेजारचे भाऊराव आतून ओढत होते आणि दोघेही एकमेकांना शिव्या घालत होते.

खाटेवरून वामनराव ओरडणार होते. पण ओरडलं की छातीत कळ यायची. त्यांनी उशी छातीशी घट्ट धरली आणि हळूच म्हणाले, "तिरपी करा बे, तिरपी! तीस वर्षं एसटी चालवली म्या. मले दिसते न कुठं अडकली ते."

तिरपी केल्यावर ती आत आली. दाढीच्या दुकानातली खुर्ची. लाल रेक्झिनची, डोक्याला उशी, पायाला लोखंडी पाटी.

हृदयाचं ऑपरेशन होऊन वामनराव धामणगाव बढ्याला परत आले, त्याला नऊ दिवस झाले होते. डॉक्टरांनी छाती उघडून, आतलं काम करून, हाड तारेनं बांधून दिलं होतं. कुशीवर झोपायचं नाही, हातावर जोर द्यायचा नाही. सपाट निजलं की दम लागे, उशा रचल्या की त्या घसरत. बायकोनं, मंजुळाबाईंनी, गोधड्यांच्या वळकट्या लावून पाहिल्या. नऊ दिवसांत वामनरावांना सलग तासभर झोप नव्हती. घरी दाढी करायला आलेल्या मेहबूबनं ते पाहिलं आणि अर्धी दाढी तशीच टाकून तो दुकानाकडे पळाला होता. त्याचा बाप बगलेत वस्तऱ्या-कात्रीची धोपटी मारून घरोघर हिंडायचा, हे गावातल्या जुन्या बायकांना अजून आठवतं. पण गिऱ्हाइकाच्या घरी खुर्ची नेणारा त्या घराण्यात हा पहिलाच.

वामनराव बसले. मेहबूबनं दांडी ओढली. पाठ मागे झुकली, पाय वर आले. उरलेली अर्धी दाढी व्हायच्या आतच, गालावर फेस तसाच, वामनराव घोरू लागले. मंजुळाबाई तोंडात पदर कोंबून हसल्या.

पण मग वामनराव खुर्चीतून उठेचनात. चहा खुर्चीत, जेवण खुर्चीत, टीव्ही खुर्चीत. रोज चाला, थोडं थोडं वाढवत न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाही चाललात तर छातीत कफ साठेल आणि पुन्हा दवाखाना. वामनराव दारापर्यंत जायला तयार नव्हते.

"आवो, चाला न जरासक."

"अन् रस्त्यात तार तुटून छाती उसवली, त कोन शिवन? तू? तुले सदऱ्याचं बटन लावता येत नाही."

चौथ्या दिवशी त्यांना खोकला लागला. घशात घरघर ऐकू येऊ लागली. त्या दुपारी मंजुळाबाई घटकाभर बाजारात जाऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मेहबूब दारात उभा. मागे भाऊराव, खांद्यावर टॉवेल.

"काका, माफ करा. दुकानात एकच खुर्ची होती. गिऱ्हाईक कुठं बसवू? रोज सकाळी इथंच उरकून घेतो."

आता नाही कसं म्हणायचं? "बरं, मी खाटेवर बसतो," वामनराव म्हणाले.

"अन् केस उडून टाक्यात गेले म्हंजे?" मंजुळाबाईंनी विचारलं.

वामनराव इतक्या लगबगीनं बाहेर पडले की चपला उलटसुलट घातल्या. कोपऱ्यावरच्या जयमालाबाईंच्या ओट्यावर ते टेकले. जयमालाबाई लगेच बाहेर आल्या. "भाऊजी, माह्या मावसभावाचंबी असंच झालतं. बाराव्या दिवशी गेला बिचारा."

बारावा दिवस केव्हाच मागे पडला होता, तरी वामनराव उठले आणि पुढे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाईकं होती. वामनराव मारुतीच्या पारापर्यंत जाऊन आले. मग चार झाली. ते ग्रामपंचायतीला वळसा घालून आले, दारातून डोकावले, खुर्ची भरलेलीच होती, म्हणून आणखी एक वळसा घातला. भाऊराव रोज हजर असत, आणि त्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता. छातीपर्यंत दाढी राखलेले हाजीसाहेबसुद्धा नंबर लावून बसलेले. वामनरावांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांचा जीव खुर्चीत.

"गावाले एकाएकी एवढे केस काऊन उगवून राह्यले बे?" ते चिडून विचारत.

"हवा बदलली, काका," मेहबूब वस्तरा पुसत म्हणे.

खोकला गेला. भूक लागू लागली. एका सकाळी ओसरीत सात गिऱ्हाईकं बसली होती. वामनराव निघाले. पार गेला, ग्रामपंचायत गेली, पाय चालतच राहिले आणि बाजारात आल्यावरच त्यांना कळलं की आपण बाजारात आलो. मेहबूबची त्यांना दया आली. आपल्यासाठी बिचाऱ्यानं दुकान बंद ठेवलं. आजच खुर्ची परत करायची, असं ठरवून ते त्याच्या दुकानाशी आले.

शटर उघडं होतं. आत गाणी लागली होती. एका ओळीत लाल रेक्झिनच्या तीन खुर्च्या होत्या, आणि मेहबूबचा धाकटा भाऊ शाहरुख एका गिऱ्हाइकाला साबण लावत होता.

"काका! तुम्ही? इथंवर? चालत?" त्याच्या हातातला ब्रश थांबला. मग तो कान खाजवू लागला. "काकूनंच भाईले सांगतलं होतं, रोज गिऱ्हाईक वाढवत जाय म्हणून."

वामनरावांनी तिन्ही खुर्च्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. आणि मग ते असे खदखदून हसले की साबण लावलेलं गिऱ्हाईक दचकून उठून बसलं.

"मले समजलं हे मंजुळेले सांगू नको," ते पायरी उतरता उतरता म्हणाले, "अन् उद्या दहा जण पाठव. मले फाट्यापर्यंत जायचं हाय."