बॅगेतली स्क्रीन

"भिंतीला टेकवू नका, घसरल ती," लखन सर म्हणाले. "हिला मागं स्टँड हाय."

त्यांनी पाटीएवढी स्क्रीन बाजेसमोरच्या स्टुलावर उभी केली. बजरंगने दार लोटून घेतले. लिंबागणेशच्या शिवारातल्या त्या वस्तीवर दुपारी फारसे कोणी फिरकत नसे. तरीही बजरंगची आई बायनाबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. कोणी विचारलेच तर पोरीच्या शिकवणीचे सर आलेत असे सांगायचे, हे ठरलेले होते.

बाजेवर बजरंगची बायको तेजश्री बसली होती. तिला चौथा महिना चालू होता. थोरली संस्कृती तिसरीत, धाकटी पाळण्यात. पोटातले बाळही मुलगीच असेल तर ठेवायचे नाही, असे घरात ठरून गेले होते. तेजश्रीला कोणी विचारले नव्हते.

"पोरीला बाहेर धाडू का?" बजरंगने विचारले.

"राहू द्या. कुणी आलं तर बरंच दिसल." सरांनी संस्कृतीला जवळ बोलावले. "हे काय हाय, सांग."

"टीव्ही."

"टीव्हीला डिश लागती. हिला काय लागतं, बघ बरं."

संस्कृतीने स्क्रीनच्या मागे डोकावले. "वायर."

"शाब्बास. लाव तूच. उलटी-सुलटी कशीबी बसती."

तिने वायरीचे एक टोक सरांच्या फोनला लावले, दुसरे स्क्रीनला. क्षणभराने स्क्रीनवर एक पक्षी आला. संस्कृतीने खालचे अक्षर न् अक्षर लावून वाचले. सुगरण. मग होला. मग टिटवी. ती अडली की सर थांबत. उत्तर सांगत नसत, वाट पाहत.

"लई कामाची वस्तू," ते बजरंगला म्हणाले. "सकाळी क्लासात पोरं हिच्यावर गणितं बघतेत. दुकानात कॅमेरा बसवला की हिच्यावरच तपासतो. लग्नसराईत फोटोवाले मागून नेतेत."

"अन् आमच्यासारखे?"

सरांनी पुढचा धडा लावला.

"सर, हे धडे पप्पांच्या फोनात येतील का?" संस्कृतीने विचारले.

"येतील की. जाताना देतो."

मग त्यांनी बॅगेतून दाढीच्या मशीनसारखे एक पांढरे यंत्र काढले. तेजश्री आडवी झाली. पोटावर गार जेल पडले तेव्हा तिने डोळे मिटले आणि लगेच उघडले. स्क्रीन काळी झाली, मग राखाडी. राखेत कोणी बोट फिरवावे तसे काहीतरी त्यात हलले. डोके दिसले. हात दिसला. इवलेसे तोंड उघडले आणि मिटले.

"जांभई देतंय," तेजश्री म्हणाली.

"हलू नका वैनी."

ती हलली नव्हती. नुसता हात उचलला होता, स्क्रीनकडे. सरांनी स्क्रीन थोडी बजरंगकडे वळवली.

बायनाबाई हातात सूप घेऊन आत आली. "कळतंय का काई?"

"कळतंय मावशी."

"मंग?"

सर यंत्र पुसत राहिले. या कामात सरळ शब्द कोणी तोंडातून काढत नाही. मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की बर्फी. सर मिठाईचेच नाव घेत.

"बर्फी," ते म्हणाले.

बायनाबाईने सूप खाली ठेवले. "पुन्हा एकदा बगा की वो सर."

"मावशी, स्क्रीन खोटं बोलत न्हाई."

"मला दाखवा," तेजश्री म्हणाली. "कशावरून कळलं ते."

"ते शिकावं लागतं वैनी."

सर बॅग भरू लागले. परवा सकाळी गाडी येईल, पुढची माणसे ओळखीचीच आहेत, असे त्यांनी बजरंगला हलक्या आवाजात सांगितले. तेवढ्यात बायनाबाई दारातून म्हणाली, "आवरा लवकर. आशाताई येतीय बांधावरनं."

"सर, धडे," संस्कृती म्हणाली.

घाईतही सरांनी शब्द पाळला. बजरंगचा फोन घेऊन धडे धाडले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागच्या दाराने निघाले.

दवाखान्यातून आलेल्या आशाताईने गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या दिल्या. तेजश्रीकडे बघत विचारले, "सगळं बरं हाय ना गं?"

तेजश्रीने सासूकडे पाहिले. "बरं हाय."

ती गेल्यावर तेजश्री नवऱ्यापुढे उभी राहिली. "तिसरी पोर जड व्हतीय का तुमाला?"

"मला कावून इचारतीस? माझ्या मायला इचार."

"आत्याला काय इचारू? पोर तुमचं हाय."

बजरंग बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. कुठे नेले ते तेजश्रीला नीट कळलेही नाही. पाटोद्याच्या पुढे रस्ता वळला, तेवढेच तिने पाहिले. दिवस मावळायच्या आत गाडीने तिला परत आणून सोडले.

ती त्याच बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली. बायनाबाईने गरम शिरा आणून उशाशी ठेवला. तो तसाच गार झाला. धाकटी रडली तेव्हा बायनाबाईनेच तिला उचलले.

"खा की जरा," बायनाबाई म्हणाली. "पुढच्या बारीला देव बघल."

तेजश्रीने पांघरूण डोक्यावरून ओढले.

बजरंग उंबऱ्यावर बसला होता. त्याच्या पाठीशी टेकून संस्कृती फोनवर धडे बघत होती. एकेक नाव मोठ्याने वाचत होती.

"हळू वाच," तो म्हणाला. "आई झोपलीय."

संस्कृतीने बोटाने यादी पुढे सरकवली. मग तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"पप्पा, टिटवीच्या खाली अजून दोन व्हिडिओ हायत. एकावर पेढा लिवलंय, एकावर बर्फी. दोन्हीवर मागच्या सालची तारीख हाय. बर्फीतलं बाळ जांभई देतंय."