सोनबा बसला

"ह्योच का हो, ह्यांच्या नावाचा?"

ठकुबाई दारातच थांबली होती. एका हातात हळदीकुंकवाचं ताट, दुसऱ्या हातात झेंडूची माळ. मागे तिचा नवरा सोनबा, नवा सदरा घालून. त्या थंडगार सर्व्हर रूममध्ये अभिषेकला दरदरून घाम फुटला.

खंडेनवमी होती. शिवऱ्याच्या त्या कारखान्यात या दिवशी यंत्रांची पूजा होते आणि कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावतात. सोनबाने कालच सांगून ठेवलं होतं, "सायेब, उद्या मंडळींना आनतो. माझ्या नावाचं मशीन दावायचंय." त्याला ते नाव ठाऊक आहे, हे अभिषेकला तेव्हा कळलं. नाव बदलायचं तर लॅपटॉपवर एक ओळ लिहायची, वरची पट्टी काढायची, की झालं. पण बदललं तर गुंजवण्याहून हौसेने आलेल्या बाईला दाखवायचं काय? ठेवलं तरी पंचाईत, काढलं तरी पंचाईत. मग अभिषेकने काहीच केलं नाही. अडचणीच्या वेळी तो बहुधा हेच करायचा.

समोरच्या कपाटात चार स्विच होते. स्विच म्हणजे दिसायला पत्र्याची चपटी पेटी. पुढे वायरी आणि लुकलुकणारे दिवे. एका कॉम्प्युटरचा निरोप नेमका ज्याला हवा त्याच कॉम्प्युटरला पोचवायचा, एवढंच तिचं काम. कारखान्याचं नेटवर्क नव्याने उभारलं तेव्हा अभिषेकने हौसेने त्यांना किल्ल्यांची नावं दिली. मुख्य स्विच राजगड, ऑफिसचा तोरणा, कारखान्याचा रोहिडा. गोडाऊनसाठी मात्र जुनाच स्विच लावावा लागला. तो निरोप गाळायचा, एकच गोष्ट दोनदोनदा सांगायला लावायचा आणि मनात आलं की बंद पडायचा.

"हा तर आपला सोनबा!" चहा पिता पिता अभिषेकच म्हणाला होता. सोनबा कारखान्यात फायली आणि निरोप पोचवायचा, आणि त्याला ऐकू कमी यायचं. सगळे पोट धरून हसले. अभिषेकला आणखी चेव आला. त्याने त्याच दिवशी स्विचला ते नाव देऊन टाकलं, वर मराठीत छापलेली पट्टीही चिकटवली. तेव्हापासून गोडाऊनचे कॉम्प्युटर अडकले की कोणीतरी ओरडायचं, "सोनबा बसला!" दुसरा म्हणायचा, "घाल दोन लाथा!" सोनबा तिथेच कुठेतरी असायचा. बाकीचे हसले की तोही हसायचा. तोंडावर त्याला सगळे मामा म्हणत.

ठकुबाई आत आली. चौथीपर्यंत शिकलेली, पट्ट्या वाचत गेली. "राजगड," ती म्हणाली, "ह्यो तर आमच्या दारातनं रोज दिसतोय." आणि पुढे सरकली. तोरणा, रोहिडा. शेवटच्या पट्टीवर तिचं बोट थांबलं. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे बघून चक्क लाजली.

मग तिने त्या स्विचला हळदकुंकू वाहिलं, माळ घातली.

"उभ्या जन्मात म्या ह्यांचं नाव तोंडानं घेतलं न्हाई," ती म्हणाली. "लग्नात घेतलं तेवढंच. तुमी तर ठसठशीत लिवून ठिवलंय. लई मोठं मन तुमचं, सायेब."

तिने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं अभिषेकला वाटलं. त्याची नजर वर होईना.

"पर ह्यांचंच नाव कसं काय ठिवलं?"

अभिषेकला खोटं सुचेना, खरं बोलवेना. तेवढ्यात सोनबाच म्हणाला, "आगं, सांगितलं न्हवं का तुला? ह्येच्याबिगर गोडाऊनचं पान हालत न्हाई म्हनून."

बिचाऱ्याला खरंच असं वाटतंय, अभिषेकच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली. तेवढ्यात स्विचचे दिवे एकदम विझले. आज गोडाऊनमध्ये एक गाडी भरायची होती. पॅसेजमधून आरोळी आली.

"अभिषेक, सोनबा बसला रे! घाल दोन लाथा!"

आणि पाठोपाठ हसणं.

ठकुबाईने चमकून मागे बघितलं. "काय झालं? कोन बसलं?"

सोनबाने कानामागे हात धरला, जरा वाकला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"पंगत बसली म्हनत्यात. जेवाया बोलावत्यात. चल, तू हो म्होरं, म्या आलोच."

सुटलो, अभिषेकला वाटलं. मामाचे कान आज कामाला आले. ठकुबाई ताट सावरत बाहेर गेली. सोनबा दाराशी चपला घालायला वाकला. अभिषेक त्याच्याजवळ गेला आणि नेहमीसारखा मोठ्याने म्हणाला, "मामा, मी आजच्या आज हे नाव बदलतो."

"वरडू नका, सायेब. ती ऐकंल." सोनबा चपलेत पाय सरकवत होता. "दुसरं न्हाई येत मला ऐकू. माझं नाव कोनी घेतलं की लांबनंबी येतं."

अभिषेकची कानशिलं तापली. सोनबा सरळ झाला. त्यालाही अभिषेककडे बघवत नव्हतं.

"नाव ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तिनं समद्या आळीत सांगितलंय. जमलं तर मशीन तेवढं बदला."