मास्तरांचा कान

फोनवर संगीतकार भरभरून बोलत होता आणि इकडे मास्तरांच्या कपाळावर आठी चढत होती.

"व्हायोलिनं काय मऊ ठेवलीत हो तुम्ही! कुठे म्हणून टोचत नाहीत. असा कान आता कुणाचा राहिला नाही. उरलेलं गाणंही आजच पाठवून द्या."

मास्तरांनी फोन ठेवला. एवढ्या कौतुकाने दुसरा कोणी फुलून गेला असता, मास्तर पेटले. व्हायोलिनं त्यांनी मऊ ठेवलीच नव्हती. चांगली धार काढून ठेवली होती.

घरामागच्या त्या खोलीला चारी बाजूंनी जाड पडदे होते आणि बसायला दोन खुर्च्या. एकीवर मास्तर, दुसरीवर त्यांची मुलगी. गाणी रेकॉर्ड होऊन यायची, मास्तर त्यांच्यातल्या आवाजांवर शेवटचा हात फिरवायचे, मुलगी ती पाठवून द्यायची आणि अधूनमधून गिऱ्हाइकांदेखत बोलणी खायची. "हिचा कान अजून झोपलेलाय," असं मास्तर येईल त्याला सांगत. लोकही खुशाल हसत. मास्तर म्हणतात म्हणजे असेलच.

मास्तरांनी कॉम्प्युटरवर शोधलं. गाण्याच्या दोन फायली निघाल्या. जी पाठवली गेली ती त्यांची नव्हती. तिच्यातला ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचा जोर, चांगलाच खाली ओढलेला होता.

"याला हात कोणी लावला?"

"मी," मुलगी म्हणाली.

"फक्त याला?"

"सगळ्यांनाच. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधीपासून. दोन वर्षं होतील."

तिने मान खाली घातली असती तर मास्तर कदाचित नुसते ओरडून थांबले असते. तिने घातली नाही.

"माझं नाव लावून माझ्याच कामाची वाट लावतेस?"

"वाट लावली असती तर आत्ताचा फोन आला असता का? बाबा, तुम्हाला वरचे सूर ऐकू येत नाहीत आता. म्हणून तुम्ही ते वाढवत सुटता. लोकांच्या कानात टाचण्या जातात. मी त्या उपसत बसते आणि वर तुमच्याकडून ऐकून घेते की माझा कान झोपलाय."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. कानांत नेहमीचे कापसाचे बोळे. इथल्या एसीचा गारठा कानाला बाधतो म्हणायची, आणि या खोलीत पाऊल टाकताना ते घालूनच यायची. एरवी मास्तर त्यावरून तिची थट्टा करत. आज त्यांनी कपाकडेही पाहिलं नाही. दोघांचे चेहरे बघून ती दाराशीच थांबली.

मास्तरांनी एसी बंद केला. नीट ऐकायचं असलं की ते आधी एसी बंद करत. मग खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

"पाठव म्हणाला ना, तेच गाणं लाव. तुझंही आणि माझंही. कुठलं आधी ते सांगू नकोस. मी सांगतो."

मुलीने गाणं लावलं. मास्तरांनी डोळे मिटले.

"हे तुझं. गोधडीत कोंबल्यासारखं."

तिने पुन्हा लावलं. मास्तर सैलावले, मान डोलवायला लागले.

"हे माझं. बघ, कसं मोकळं झालं एकदम. आता बोल."

"दोन्ही वेळा तुमचंच लावलं होतं," मुलगी म्हणाली.

मास्तर खुर्चीसकट वळले.

"फसवलंस मला. असं कुणालाही फसवता येतं. तुलाही येईल. उद्या तुला एकच चहा दोन कपांत देतो, मग सांग कुठला गोड. यावरून मी बहिरा ठरत नाही."

हे खरं होतं. मुलीलाही ते माहीत होतं, म्हणून ती आणखीच चिडली.

"मग पाठवा तुमचंच. आज मी हात लावणार नाही. बघू द्या त्याला तुमची व्हायोलिनं किती मऊ आहेत ते."

"पाठवतोच. आणि उद्यापासून तू या खोलीत यायचं नाहीस."

मास्तरांनी स्वतःची फाईल निवडली, संगीतकाराचा पत्ता घातला. आता एक बटण दाबायचं राहिलं होतं. ते दाबण्याआधी त्यांना कुणीतरी आपल्या बाजूचं हवं होतं. त्यांनी गाणं सुरुवातीपासून लावलं, आवाज मोठा केला आणि दाराकडे वळून विचारलं, "तू सांग. तुला यातलं काही कळत नाही, म्हणूनच विचारतोय. कसं वाटतं?"

आईला प्रश्न ऐकूच गेला नाही. ती नुसती बघत राहिली.

मास्तरांनी स्वतःच्या कानाला बोट लावून खूण केली, बोळे काढ. एसीकडेही बोट दाखवलं. बंद होता, गारठ्याचं नावही नव्हतं.

आईने एसीकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलगी मान हलवून नको म्हणत होती. गाण्यात व्हायोलिनं सुरू झाली तसा आईचा डावा डोळा बारीक झाला, आणि तिने दोन्ही तळवे कानांतल्या कापसावर घट्ट धरले.

"काढते," ती म्हणाली. "आधी ते गाणं तेवढं बंद करा."