बैल बुडेल एवढं

दीड पुरुष. गुडघाभर. हात घातला की लागतं. बैल बुडेल एवढं.

खडकवस्तीच्या चाळीस विहिरींचं पाणी अण्णा घोलपांनी वहीत असं शब्दांत लिहिलं होतं. विहिरींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी जलयंत्राला फक्त आकडे कळत. न कळलेल्या शब्दाचं ते शून्य करी, आणि शून्य पाण्याच्या विहिरीला दुपारी बारा वाजता कायमचं कुलूप लागे.

यंत्राचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मालनला अकरा वाजता पडद्यावर चाळीस शून्यं दिसली. तिने अण्णांना फोन लावला.

“अण्णा, बैल बुडेल एवढं म्हणजे किती फूट?”

“कुणाचा बैल?”

“वहीत नाव नाही हो!”

“मग माझाच. वशिंडापर्यंत पाच फूट. शिंगं धरू नकोस पोरी, तो नुसता माज.”

मालनला हसू आलं. ती एकेक शब्द विचारत गेली, आकडा भरत गेली. अण्णा एकदाही अडखळले नाहीत. बाराला चार मिनिटं असताना यंत्राने चाळीसही आकडे मान्य केले. एकाही विहिरीला कुलूप लागलं नाही.

पाणी मोजायला अण्णा प्रत्येक विहिरीत स्वतः उतरले होते. त्यांना पोहता येत नव्हतं.